खेंकड्याचें रक्त नवें कसें होतें

शनिशिंगणापुराकडील शेतकऱ्यांस विहिरींतला व ओढ्याकांठचा खेंकडा परिचित आहे. नांगी तुटली तरी तो सहसा मरत नाहीं. जखमेवर काळी खपली धरते. ती खपली रक्तांतील पेशींची करणी होय, व त्या कामीं पुष्कळ पेशी खर्ची पडतात. दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस साहजिकच प्रश्न पडला, कीं हा खर्च भरून कोठून निघतो?

मनुष्याच्या रक्तपेशी हाडांतील मगजांत तयार होतात. खेंकड्यास हाडेंच नाहींत. त्याच्या जातींत हें काम जठराच्या पाठीकडील अंगास पसरलेला एक पातळ पडदा करितो. युरोपांतील नद्यांत झिंग्याच्या आकाराचा, मोठ्या नांग्यांचा प्राणी असतो. त्याजवर हें बारकाईनें पाहण्यांत आलें. रक्तांत उतरलेल्या पेशी बहुधा पुनः दुणावत नाहींत. नवी भरती पडद्यांतूनच होते. ही भरती चालविणारें ‘अस्टाकाइन’ नांवाचें द्रव्य स्वीडनांतील उप्साला येथील संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें.

शेततळ्यांत कोळंबी पाळूं इच्छिणाऱ्यांशीं याचा निकट संबंध आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणु याच पडद्यांतहि वाढतो. मग पेशी घटतात, रक्त नीट गोठत नाहीं, आणि थोड्याच दिवसांत तळें रिकामें होतें. त्यावर खात्रीचें औषध नाहीं. सबब बीज घेतांनाच तें तपासल्याचा दाखला मागावा.