ह्यांना लागलंय!

मैत्रिणींनो, आपण दिवसातून किती वेळा ‘लागलं’ म्हणतो, कधी मोजलंय? मी एकदा मोजायला बसले आणि मुलांचे डबे भरून होईपर्यंतच नाद सोडला. मोजायची वेळ आली ती माझ्या धाकट्या जावेमुळे.

आमचे धाकटे दीर विट्याच्या मामेसासऱ्यांबरोबर त्रिशूरला होते. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पसरलेली आहेत हे सांगली-साताऱ्याकडच्या बायकांना सांगायला नको. दुष्काळी मुलूख, शेतात पिकेना, म्हणून माणसं केरळपासून बंगालपर्यंत गेली. दिरांनी तिथलीच मुलगी केली आणि २०१८ साली दोघं सांगलीला, गावभागातल्या आमच्या घरी राहायला आली. पोरगी गुणाची, कामाला चटपटीत. पण मराठी म्हणाल तर ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवलात का?’

त्या पावसाळ्यातली गोष्ट. मी शाळेत गेले होते. मामंजी परसातल्या शेवाळावर घसरून पडले. सासूबाई मागच्या दारातून ओरडल्या, “अगं, ह्यांना लागलंय! ये लवकर!”

आता तिनं तोवर घरात काय ऐकलं होतं? ‘ह्यांना सकाळी चहा लागतो.’ ‘ह्यांना अंघोळीला कढत पाणी लागतं.’ म्हणजे लागणं म्हणजे हवं असणं. मल्याळममध्ये त्याला ‘वेणम्’ म्हणतात, आणि तिनं मनात तशी जोडी लावून ठेवलेली. तिनं लगबगीनं आधण ठेवलं, आलं ठेचलं आणि कपबशी घेऊन परसात गेली. तिथं मामंजींच्या भुवईतून रक्त वाहत होतं.

तीन टाके पडले, आठ दिवसांत भरून आलं. पण शेजारणींना विषय मिळाला. ‘सासरा पडला नि सून चहा घेऊन आली’, हे वाक्य आमच्या बोळात महिनाभर फिरलं. तिला शब्द कळले नाहीत तरी हसणं कळत होतंच. दोन दिवस ती जेवली नाही. दीर म्हणाले, “वहिनी, आम्ही आपलं परत जातो.”

मी अर्धवेळ का होईना, मास्तरीण. बी. ए. ला मराठी होतं. म्हटलं, जाशील तेव्हा जाशील, आधी एक वही आण.

वही आली, पण शिकवू काय? आधी मी अर्थ लिहून द्यायला गेले. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, आग लागते, दार लागतं, आंबा गोड लागतो, बसला दोन तास लागतात, आणि ती बाई माझी मावशी लागते. दीड पान झालं तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहून मीच थांबले. अशी यादी पाठ करून कुणाला भाषा आलीय?

मग विचार केला, या सगळ्यांत सारखं काय? संस्कृतात ‘लग्’ म्हणजे चिकटणं. ‘लग्न’ हा शब्द त्याचाच. पूर्वेच्या क्षितिजाला चिकटलेली रास ते लग्न, आणि त्या मुहूर्तावरचा विधी तेही लग्न. तेव्हा ‘लग्न लागलं’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो! मी वहीच्या पुठ्ठ्यावर एक टिकली चिकटवली आणि तिला म्हटलं, हे लागणं. भूक आपण होऊन येऊन माणसाला चिकटते. दगड पायाला चिकटतो. चव जिभेला. कामाला वेळ चिकटतो, खर्च चिकटतो. ते तिला पटलं.

‘मला भूक लागली’ यातलं ‘मला’ मात्र तिला शिकवावंच लागलं नाही. मल्याळममध्येही ‘मला हवं’ असंच म्हणतात. उलट घोटाळा झाला तो क्रियापदाचा. ती स्वतः बाई, म्हणून ‘मला ऊन लागली’ म्हणायची. तिला सांगितलं, इथं तुझं काही चालत नाही, मालकी त्या चिकटणाऱ्या वस्तूची. तहान लागली, चटका लागला, ऊन लागलं.

खरी अडचण पुढंच होती. ‘ती रडायला लागली’ आणि ‘तिला रडावं लागलं’. पहिल्यात सुरुवात, दुसऱ्यात सक्ती. माणसाला ‘ला’ चिकटला की सक्ती त्याच्या मानगुटीवर बसली, एवढी खूण मी तिला दिली. एरवी व्याकरणाच्या पुस्तकात असलं मानगूट सापडायचं नाही, पण तिला ते चांगलं कामी आलं.

माझी भाची पुण्याला स्पॅनिश शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, “मामी, आमच्याकडे केदार आहे.” मला वाटलं कुणी मुलगा! तर ‘केदार’ हे त्यांचं क्रियापद. उरणं, थांबणं, भेटायचं ठरवणं, आणि कपडा अंगाला नीट बसणं, सगळ्याला तोच. आणि कपड्याच्या वेळी तेही ‘मला बसतो’ असंच म्हणतात म्हणे.

मे २०१९ मध्ये आम्ही विट्याला गेलो. मामेसासऱ्यांच्या बोअरला दोनदा अपयश आलं होतं. त्या दिवशी पाणी लागलं. पेढे वाटले, म्हाताऱ्या बाया रडल्या. तिनं वहीत लिहिलं, ‘पाणी लागणे : आनंद’.

आणि ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अजून आमच्या दारात आलं नव्हतं तेव्हा पहाटे एक शेजारीण दारावर थापा मारत सांगायला आली, “मागच्या आळीला पाणी लागलं!” ही झोपेतून उठून म्हणाली, “बरं झालं.” या खेपेला मात्र मी दारातच होते. त्या माऊलीला विट्याचे पेढे समजावून सांगायला वेळ नव्हता, पण दोन वाक्यांत सांगितलं. मग हिला विचारलं, “पाणी कुणाला लागलं? बोअरला का घराला?” तिचा चेहरा उतरला. पुढच्या अर्ध्या तासात धान्याचे डबे माळ्यावर चढवले, मामंजींना पाठीशी धरून ट्रॅक्टरमध्ये बसवलं, सगळं तिनंच. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे गेलो. वही मात्र खालच्या फळीवर राहिली आणि लगदा झाली.

दुसरी वही तिनं स्वतः आणली. तिच्यात तिचेच शोध आहेत. ‘लागिरं झालं जी’ मालिकेवरून सासूबाईंनी शिकवलेलं ‘लागीर’ आहे. २०२० सालची ‘लागण’ही आहे. माझ्या कराडकडच्या भावानं जुलैत फोनवर सांगितलं, “आमची लागण झाली,” आणि ही तोंडाला पदर लावून रडायला लागली. बिचाऱ्याचा आडसाली ऊस लावून झाला होता!

बोळातली ती शेजारीण हल्ली हिच्याकडूनच अप्पमचं पीठ आंबवायला शिकते. ‘पीठ फुगायला किती वेळ लागतो?’ विचारते, आणि ही रीतसर उत्तर देते. मामंजींच्या भुवईवरची खूण अजून आहे. चहा मागायचा झाला की ते मुद्दाम तिच्याकडे बोट दाखवून ओरडतात, “मला लागलंय गं!” आणि ही आधी येऊन कपाळ बघून जाते, मग आधण ठेवते.

अजून ‘मनाला लागलं’ तिनं वहीत लिहिलेलं नाही. मीही सुचवलं नाही. तो शब्द तिला त्या पावसाळ्यातच आला होता. थांबते आता, स्वयंपाकघरातून हाक येतेय, “ताई, दूध खाली लागलं!”