पैशाचा कसा घरी शिवा

एकदा बियाण्याचे पैसे सदऱ्याच्या खिशात ठेवून मी बाजाराला गेलो. गर्दीत कुणीतरी खिसा कापला. हात हलवीत घरी आलो. आई म्हणाली, "तुझे वडील कमरेला कसा बांधत, ते काय उगीच?" त्याच रात्री तिने मला कसा शिवायला शिकवले.

कसा म्हणजे कमरेला बांधायचा कापडी पट्टा. त्याच्या पोटात पैसे राहतात.

मांजरपाट घ्या. नवे कापड आटते, म्हणून ते आधी भिजवून वाळवा. मग 60 इंच लांब आणि 9 इंच रुंद पट्टी कापा. टेपवरचे आकडे आता तुम्हांला वाचता येतात. कंबर मोठी असेल तर लांबी वाढवा.

पट्टी लांबीत दुमडा. उलटी बाजू बाहेर ठेवा. दोन्ही टोके व लांब कड अर्धा इंच आतून शिवा. मधोमध 6 इंच फट सोडा. शिवताना उलटी टीप घाला. नुसता धावदोरा ओझ्याने उसवतो.

आता फटीतून पट्टा सुलटा करा. फटीच्या कडा आत दुमडून शिवा. फटीच्या दोन्ही अंगांना आडवी टीप घाला, म्हणजे पैसे टोकाकडे सरकणार नाहीत. फटीला दोन टिचबटणे लावा.

कसा सदऱ्याच्या आत बांधा. फट वरच्या बाजूला ठेवा. किरकोळ खर्चाचे पैसे तेवढे खिशात असू द्या. चारचौघांत कसा सोडू नका. कष्टाचा पैसा सुखरूप घरी येईल.