जपानी मंगा आणि मराठीतील अनुकरणवाचक शब्द

जपानी चित्रकथा, म्हणजेच मंगा, प्रथमच हाती घेणाऱ्या मराठी वाचकास पुस्तक उलटे बांधले असावे असे वाटते. जपानी उभ्या लेखनाच्या ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात. चित्रचौकटींचा क्रमही तसाच असतो. ही अडचण चार-दोन पृष्ठांत संपते. अधिक विचार करावयास लावतात ते चित्रातच रेखाटलेले, कोणाच्याही तोंडी नसलेले शब्द.

या शब्दांचे स्थूलमानाने दोन वर्ग मानतात. 'गिओंगो' प्रत्यक्ष ध्वनीचे अनुकरण करतात. उदाहरणार्थ, धो धो पावसाचा 'झाऽझाऽ'. 'गिताइगो' मात्र ज्यांस ध्वनी नाही अशा अवस्था सुचवितात. 'किराकिरा' म्हणजे चकाकणे, 'पेकोपेको' म्हणजे भुकेने व्याकूळ होणे. 'शीऽन' हा तर पूर्ण शांततेचा शब्द होय.

मंगाच्या कथनपद्धतीशी या शब्दांचा निकटचा संबंध आहे. एकाच प्रसंगाची निरनिराळी अंगे दाखविणाऱ्या चौकटी पाश्चात्त्य चित्रकथांपेक्षा जपानी चित्रकथांत अधिक आढळतात, असे स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली दाखवून दिले. अशा चौकटींत कथानक पुढे सरकत नाही. वातावरण आकारास येते. तेथे 'शीऽन'सारखा एकच शब्द पुरेसा होतो.

मराठी वाचकास हे सर्वस्वी परके नाही. मराठी व्याकरणात अभ्यस्त शब्दांचा अनुकरणवाचक हा एक प्रकार मानलेला आहेच. आणि हे अनुकरण ध्वनीपुरते मर्यादित नाही. तारे लुकलुकतात, भूक कडकडून लागते, आणि बाळकुमच्या एखाद्या गल्लीत भर दुपारी शुकशुकाट असतो. यांपैकी कशासही कानांना ऐकू येणारा आवाज नाही.

तथापि साम्य येथेच थांबते. 'लुकलुकणे' हे क्रियापद आहे, 'शुकशुकाट' हे नाम. मराठीत असे शब्द बहुधा प्रत्यय घेऊन वाक्यात बसतात; मंगातील शब्द वाक्यावाचून चित्रात उभा राहतो. 'शुकशुकाट' शांततेचे वर्णन करतो, 'शीऽन' तिचा प्रत्यय देतो. 'किर्र' हा शब्द जवळचा वाटतो खरा, परंतु त्यात रान, रात्र आणि रातकिडे येतात. परीक्षेच्या वर्गातील शांततेस तो चालणार नाही.

म्हणूनच मंगाचे मराठी भाषांतर इंग्रजीच्या द्वारे करणे हानिकारक ठरेल. अवस्थावाचक अनुकरणशब्दांच्या बाबतीत इंग्रजी दोन्ही भाषांहून दरिद्री आहे. तिच्यातून जाताना मराठीस सहज पेलला असता असा पुष्कळ अर्थ वाटेतच गळून पडेल.