शिवाराची आखणी : माथा, उतार व पायथा

सर्व जमीन नांगराखाली आणली म्हणजे गावाचे उत्पन्न वाढते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः प्रत्येक जमिनीचा मगदूर निराळा असतो व तिच्याकडून तिला झेपेल तेच काम घ्यावे लागते. उताराची उथळ जमीन नांगरली तर काही वर्षे जेमतेम पीक येते. पुढे माती ओढ्याला जाते आणि मागे मुरूम उरतो. हे नुकसान एकट्या खातेदाराचे नसते. वाहून आलेल्या गाळाने खालचा बंधारा भरतो, पाणी मुरत नाही व विहिरी लवकर आटतात. म्हणून आखणी एकेका गटापुरती न करता साऱ्या पाणलोटाची करावी.

जमिनीची पारख

क्षमतेनुसार जमिनीचे ८ वर्ग मानतात. पहिले ४ वर्ग लागवडीस योग्य होत. पाचव्यापासून पुढचे वर्ग गवत व झाडी यांसाठी राखावयाचे असतात. ही प्रतवारी करताना मातीची खोली, पोत, उतार, निचरा व धूप या गोष्टी पाहतात. गावातील पहिल्या पाहणीस पहार व दोरीही उपयोगी पडते. खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे. १०० मीटर अंतरात जमीन ३ मीटर खाली गेली, तर उतार शेकडा ३ समजावा. या नोंदी गावाच्या नकाशावर भराव्यात.

कोठे काय घ्यावे

माथ्यावरील खडकाळ जमीन गवत व वनासाठी राखावी. तेथे समपातळीत चर खणावेत आणि चराच्या मातीवर झाडे लावावीत. मधल्या हलक्या उतारावर बांधबंदिस्ती करून सीताफळ, आवळा, बोर यांसारखी काटक फळझाडे घ्यावीत. पायथ्याची खोल जमीन पिकांसाठी ठेवावी. ओढ्याच्या काठी करंज, जांभूळ व बांबू लावल्यास काठ ढासळत नाहीत.

चराईचा प्रश्न

आखणीत खरी अडचण गायरानाची येते. सारे गायरान एकदम बंद केले, तर पहिला फटका भूमिहीन शेळीपालकास बसतो. त्याची जनावरे रात्री कुंपणात शिरतात आणि रोपे उरत नाहीत. यासाठी गायरानाचे ३ किंवा ४ भाग पाडावेत. एक भाग झाडे जनावरांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत बंद ठेवावा. तेथील गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा असावी. बाकीचे भाग पाळीने चराईस द्यावेत. अति चराईने मारवेल, पवना ही चांगली गवते नाहीशी होऊन कुसळी माजते. विश्रांती मिळाल्यास चांगली गवते पुन्हा जोर धरतात. कोणता भाग केव्हा बंद करावयाचा, हे शेळीपालकांसह ग्रामसभेत ठरवावे.

हिवरे बाजारचे उदाहरण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव अवर्षणप्रवण भागात आहे. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान यांवर भर देण्यात आला. डोंगरउतारावर चर खोदून झाडे लावली गेली. जनावरे मोकाट सोडण्याऐवजी गवत कापून आणण्याची रीत पडली. त्याबरोबरच सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास गावाने बंदी केली व पावसाच्या मानाने पिके ठरविण्याचा प्रघात पाडला. वरचे वन आणि खालचे पीक यांचा हिशेब एकत्र मांडल्याने मुरलेले पाणी टिकले. प्रत्येक गावास हेच नियम जसेच्या तसे लागू पडतील असे नाही; परंतु हिशेबाची रीत सर्वत्र उपयोगी आहे.

प्रारंभी घ्यावयाची दक्षता

आखणीपूर्वी जमिनीची मालकी व हद्द तलाठ्याच्या दप्तरावरून तपासावी. वनजमिनीची नोंद गाव नमुना १-अ मध्ये असते. अशा जमिनीचा वनेतर कामासाठी वापर करावयाचा तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे केंद्र शासनाची पूर्वमान्यता लागते. जेथे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मान्य झाला आहे, तेथे त्या वनाचे रक्षण व व्यवस्थापन ग्रामसभेस करता येते.

पाहणी उन्हाळ्यात पुरी करावी व चर पावसापूर्वी खणावेत. पहिला पाऊस पडत असता कार्यकर्त्याने शेतकऱ्यांसह माथ्यापासून ओढ्यापर्यंत फिरावे. जेथे गढूळ पाणी धावताना दिसेल, तेथील आखणीचा फेरविचार करावा.