ढाक्यातला क्वार्ट्झचा धागा

नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे १९९७ साली आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी १६ टेस्लाच्या चुंबकात जिवंत बेडूक हवेत तरंगवला. तो व्हिडिओ आजही फिरतो, सोबत ‘गुरुत्वाकर्षण हरलं’ असा मथळा घेऊन! गुरुत्वाकर्षण तिथेही पूर्ण जोरात होतं. त्याला तोलून धरलं ते मुख्यतः बेडकाच्या शरीरातल्या पाण्याच्या प्रतिचुंबकत्वाने.

हा गुण पदार्थमात्रात असतो. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र लागलं की इलेक्ट्रॉनांची चाल बदलते आणि उलट दिशेचं इवलंसं क्षेत्र उभं राहतं. लोखंडात दुसरे जोरदार परिणाम त्याला झाकून टाकतात. फॅरेडेंनी १८४५ साली लंडनमध्ये जड काचेचा तुकडा चुंबकाच्या ध्रुवांमध्ये आडवा वळताना पाहिला, तिथून याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. पाण्यात त्याचं माप लाखात एक भागाहूनही कमी.

इतक्या क्षीण परिणामाचा उपयोग काय? त्याचं एक देखणं उत्तर ढाका विद्यापीठात सापडलं. ते शोधणारे भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन आपल्याकडे रामन परिणामाच्या धड्यात एका ओळीपुरते येतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

डांबराच्या गोळ्यांमधलं नॅप्थलीन घ्या. त्याचा रेणू सपाट, दोन षटकोनी कड्यांचा. क्षेत्र रेणूच्या प्रतलाला लंब असेल तर इलेक्ट्रॉन कड्याभोवती फिरू शकतात आणि प्रतिचुंबकत्व बरंच वाढतं. समांतर असेल तर ते कमी भरतं. म्हणजे स्फटिकाचं प्रतिचुंबकत्व दिशेनुसार बदलणार, आणि त्या फरकावरून आतले रेणू कसे कललेत ते ओळखता येणार.

कृष्णन यांनी छोटा स्फटिक क्वार्ट्झच्या बारीक धाग्याला टांगून एकसमान क्षेत्रात सोडला आणि धाग्याला वरून पीळ देत नेला. झोपाळ्यावर पाय घट्ट रोवून बसायचं आणि कुणीतरी दोऱ्यांना पीळ घालत राहायचं, तसंच हे. पाय निसटले की झोपाळा गर्रकन फिरतो. इथे रोवलेले पाय म्हणजे चुंबकाची पकड. स्फटिक ४५ अंश वळला की ती सुटते. त्या क्षणीचा पीळ मोजला की दोन दिशांमधला फरक हाती! एक धागा, एक चुंबक आणि कमालीचा संयम.

गुहा आणि बॅनर्जी या सहकाऱ्यांसोबतचा त्यांचा निबंध १९३३ साली रॉयल सोसायटीने छापला. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना उलगडणाऱ्या कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९३६ साली कृष्णन यांच्यासोबत याच विषयावर निबंध लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेत लायनस पॉलिंग यांनी कड्याभोवती मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन गृहीत धरून गणित मांडलं आणि आपली उत्तरं कृष्णन यांच्या मोजमापांशी ताडून पाहिली.