फार्हाचे चुकले का? टीव्हीवरचा पोकर कसा वाचावा

अहिल्यानगरच्या सावेडीत दिवाळीच्या दिवसांत एखाद्या गच्चीवर तीन पत्तीचा डाव बसतो, तेव्हा मागे उभ्या राहिलेल्या बघ्याला एकाच खेळाडूचे पत्ते दिसतात. टीव्हीवरच्या पोकरमध्ये मात्र आपल्याला सगळ्यांचेच पत्ते दिसतात. त्यामुळे घरबसल्या आपण जगज्जेत्यांपेक्षा हुशार होतो. ‘अरे, समोरच्याकडे काहीच नाही, कसला पॅक करतोस!’ असे ओरडतो. पण त्या टेबलावर बसलेल्या माणसाला आपल्यासारखे दिसत नाही. व्यावसायिक खेळाडूचा निर्णय पारखायचा असेल, तर पहिले काम म्हणजे समोरच्याचे पत्ते आणि त्यांच्याखालची जिंकण्याची टक्केवारी हाताने झाकणे.

आधी खेळ समजून घेऊ. टीव्हीवर बहुतेक वेळा ‘टेक्सस होल्डेम’ हा प्रकार असतो. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात. मग मधोमध सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. सातांतले उत्तम पाच म्हणजे आपला हात. पत्ते वाटल्यावर आणि प्रत्येक उघडणीनंतर, अशा चार वेळा चाल असते. तीन पत्तीवाल्यांचा एक घोटाळा हमखास होतो. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीचे पत्ते) कलरला (एकाच चिन्हाचे पत्ते) मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला. कारण साधे आहे: तीन पत्त्यांत सिक्वेन्स दुर्मीळ असतो, पाच पत्त्यांत कलर.

झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवण्याची युक्ती फार जुनी नाही. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या हेन्री ऑरेन्स्टाइन या खेळणी बनवणाऱ्या कल्पक माणसाने १९९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने टेबलाला काच बसवून खालून पत्ते टिपले. त्याआधी टीव्हीवरचा पोकर म्हणजे काही गंभीर चेहरे आणि चिप्सचे ढीग. बघणाऱ्याला कळायचे काहीच नाही.

आता एक खराच डाव घेऊ. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, लास वेगास, २००३. प्रवेश फी १०,००० डॉलर, खेळाडू ८३९. शेवटी उरले दोघे. एक सॅम फार्हा, मुरलेला व्यावसायिक. दुसरा क्रिस मनीमेकर (आडनाव खरेच आहे), टेनेसीतला हिशेबनीस, ऑनलाइन पात्रता फेरीतून स्वस्तात आत आलेला.

मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. फार्हाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. मध्ये उघडले: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. फार्हाची नव्व्यांची पेअर झाली, पण दोघांनीही चाल न करता पुढे जाऊ दिले. चौथा पत्ता इस्पिक अठ्ठी. फार्हाने ३ लाख चिप्स लावल्या, मनीमेकरने त्या ८ लाखांवर नेल्या, फार्हा टिकला.

इथे थांबून मोजू. मनीमेकरची पेअरसुद्धा झालेली नव्हती. पण कुठलेही इस्पिक आले तर राजाचा कलर, पंजी किंवा दश्शी आली तर सिक्वेन्स, राजा आला तर मोठी पेअर. दोघांचे पत्ते दिसतात म्हणून आपण अचूक मोजू शकतो: इस्पिके ८, इस्पिकाखेरीजच्या पंज्या-दश्श्या ६, राजे ३. एकूण १७. न दिसलेले पत्ते ४४. म्हणजे साधारण ३९ टक्के. मनीमेकरला स्वतःला मात्र ४६ पत्ते अज्ञात होते, आणि त्याच्या हिशेबात इस्पिके ९ उरलेली होती. त्यांतले एक फार्हाच्या हातात आहे, हे त्याला कुठून कळणार? पडद्यावरची टक्केवारी आणि खेळाडूच्या डोक्यातली टक्केवारी वेगळी असते ती अशी. म्हणूनच ८ लाखांची ती चाल निव्वळ थाप नव्हती. समोरचा पॅक झाला तर फायदा, नाही झाला तरी अडतीस-एकोणचाळीस टक्के शिल्लक.

शेवटचा पत्ता बदाम तिर्री. मनीमेकरचे सगळे फसले. फार्हाने चाल केली नाही, आणि मनीमेकरने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. ऑल-इन. फार्हा बराच वेळ विचारात पडला. कलर हुकला असावा, असे तो मनीमेकरला बोललाही. आणि शेवटी त्याने पत्ते टाकले.

पडद्यावर बघताना हा निर्णय हास्यास्पद वाटतो. आता मनीमेकरचे पत्ते झाका.

फार्हाला पहिला प्रश्न किमतीचा. समजा पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १८ लाख आहेत आणि समोरच्याने आणखी १८ लाख लावले. बघायला, म्हणजे समोरच्याला पत्ते उघडायला लावायला, १८ लाख घालायचे, तर एकूण ५४ लाख होतात. म्हणजे तीनदा अशी वेळ आली आणि त्यांतल्या एकदा आपण बरोबर ठरलो, तरी हिशेब बरोबरीत सुटतो. समोरचा तीनांत एकदापेक्षा जास्त वेळा थाप मारत असेल तर बघावे, कमी वेळा असेल तर सोडावे. चाल जितकी मोठी, तितकी जास्त खात्री लागते.

दुसरा प्रश्न: तो कशाकशाने असा खेळला असता? मुरलेले खेळाडू ‘त्याच्याकडे अमुकच आहे’ असा अंदाज बांधत नाहीत. शक्य हातांची यादी करतात. मध्ये तीन इस्पिके असताना पुरा कलर हवा तर हातात दोन इस्पिके लागतात. उरलेल्या १० इस्पिकांतून अशा जोड्या ४५ होतात. पण त्यांतली राणी फार्हाच्याच हातात आहे, म्हणून राहतात ३६. म्हणजे कलरची शक्यता पाचव्या हिश्श्याने घटली. उलट एकटा इस्पिक एक्का किंवा एकटा इस्पिक राजा घेऊन कलरची वाट बघत बसलेला, हुकलेला माणूस यादीत तसाच राहतो. आजचा अभ्यासक इथेच म्हणेल: बघायला हवे होते.

पण यादी माणसागणिक बदलते. समोर एक हौशी खेळाडू, आयुष्यातली सर्वांत मोठी संध्याकाळ, पहिल्याला २५ लाख डॉलर आणि दुसऱ्याला १३ लाख. असा माणूस हातात काही नसताना सगळे पणाला लावेल का? बहुतेक लावत नाहीत. फार्हाने त्या ‘बहुतेकां’वर भरवसा ठेवला. गणित बघण्याकडे झुकत होते, माणसाची पारख मात्र पत्ते सोडण्याकडे. त्याने पारख निवडली.

निकालावरून निर्णयाला नावे ठेवायची खोड आपल्याला क्रिकेटनेही लावली आहे. संगमनेर तालुक्यातल्या आश्वीत जन्मलेल्या अजिंक्य रहाणेने कर्णधार म्हणून डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला पहिल्याच सत्रात अश्विनला लवकर आणले, आणि ऑस्ट्रेलियाचा स्मिथ लेगच्या बाजूला पुजाराच्या हाती शून्यावर बाद झाला. तोच चेंडू दोन हात दूर गेला असता तर निर्णय वाईट ठरला असता का? चेंडू कुठे गेला हे नंतरचे. खेळपट्टी, ओल, फलंदाजाची सवय हे आधीचे. पारख आधीच्यावर करायची.

टीव्हीचा आणखी एक फसवा भाग म्हणजे काटछाट. तासन्‌तास चाललेल्या खेळातले निवडक डाव दाखवतात. खेळाडू गेल्या चाळीस डावांत गप्प बसून होता की दर डावात उड्या मारत होता, हे कळत नाही, आणि त्याच्या चालीवर किती विश्वास ठेवायचा हे तर त्यावरच ठरते. म्हणून शिकायचेच असेल तर कापलेले ठळक क्षण सोडून पूर्ण प्रक्षेपण बघावे.

हल्ली संगणकही पंच झाले आहेत. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले. असे प्रोग्राम पुष्कळदा एकच उत्तर देतच नाहीत. याच हातावर इतक्या वेळा बघा, इतक्या वेळा सोडा, असे सांगतात. एका डावावरून खेळाडूला मूर्ख ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

हे सगळे बघण्यापुरते. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणलाच नाही, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. टेबलावरचा पोकर जवळात जवळ गोव्यात, मांडवीतल्या जहाजांवर. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

आता फार्हाबद्दल. माझ्या मते त्याने बघायला हवे होते, कारण हातातली इस्पिक राणी त्याला कलर कमी असल्याचे सांगत होती. पण त्याचा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. थोडक्यात चुकलेला होता. त्या स्पर्धेचा शेवटचा डावही मनीमेकरनेच जिंकला, आणि त्या वेळी त्याच्याकडे थाप नव्हती, पंजी-चव्वीचे फुल हाउस होते. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला ८३९ ऐवजी २,५७६ खेळाडू आले.