पीएच.डी.नंतरचा तिसरा हंगाम

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीवर पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला शेतात साधारणपणे दोन खरीप हंगाम मिळतात. पहिल्या हंगामात कामगंध सापळे लावणे, हिरवी बोंडे फोडून अळ्या मोजणे आणि प्रयोगशाळेत त्या वाढवणे यांची घडी बसते. दुसऱ्या हंगामात त्याच नोंदी पुन्हा घेऊन आधीचे निष्कर्ष पडताळले जातात. मग प्रबंध सादर होतो, शिष्यवृत्ती थांबते आणि सापळे उतरवले जातात. कीड मात्र तिसऱ्या वर्षीही येतेच. शेतकऱ्यांपर्यंत जाणाऱ्या शिफारशीमागे सहसा तीन हंगामांची आणि एकाहून अधिक ठिकाणांची माहिती असावी लागते, हे विस्तार कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. त्या किडीशी ज्याचा सर्वांत ताजा परिचय असतो, तोच संशोधक नेमक्या या वेळी नोकरीच्या शोधात शेताबाहेर पडतो.

या तुटलेल्या धाग्याची किंमत काय असते, हे बोंडअळीनेच दाखवले आहे. गुजरातमधील काही जिल्ह्यांत एका जनुकाच्या बीटी कपाशीवर ही अळी तग धरत असल्याचे 2010 मध्ये जाहीर झाले. पुढील काही वर्षांत ती दोन जनुकांच्या वाणांवरही दिसू लागली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना तिचा जबर फटका बसला. अशी प्रतिकारक्षमता एका रात्रीत येत नाही आणि एका हंगामाच्या नोंदींतून ती दिसतही नाही. त्याच गावांतून, त्याच महिन्यांत, वर्षानुवर्षे बोंडे गोळा करावी लागतात. त्यांतील अळ्यांची पुढची पिढी बीटी प्रथिन मिसळलेल्या कृत्रिम खाद्यावर वाढवून किती मात्रेला निम्म्या अळ्या मरतात, हे मोजावे लागते. आकडा दरवर्षी थोडाथोडा वर सरकत असेल तर तो धोक्याचा इशारा असतो. मधले एक वर्ष वगळले की ही चढण नेमकी कोठे सुरू झाली, हे सांगता येत नाही.

पीएच.डी. आणि कायम नोकरी यांच्यामधला हा काळ भरून काढण्यासाठी देशात काही योजना आहेत. विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यांतील प्रमुख योजना चालवीत असे. 2023 च्या कायद्याने त्याची जागा ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ने घेतली आणि हा कायदा 5 फेब्रुवारी 2024 पासून अमलात आला. फाउंडेशनच्या कार्यक्षेत्रात कृषी विषयाचा स्पष्ट उल्लेख आहे. 2023 ते 2028 या काळासाठी 50,000 कोटी रुपयांच्या निधीचा अंदाज मांडण्यात आला असून त्यातील मोठा हिस्सा उद्योग, दानशूर संस्था आणि अन्य बिगरसरकारी स्रोतांतून यावा, अशी कल्पना आहे.

नुकतीच पीएच.डी. झालेल्यांसाठी ‘नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप’ ही योजना आहे. मुदत दोन वर्षांची. दरमहा अधिछात्रवृत्ती मिळते आणि शिवाय रसायने, साहित्य व प्रवास यांसाठी वर्षाला दोन लाख रुपयांचे संशोधन अनुदान असते. वयोमर्यादा 35 वर्षांची असून महिला व राखीव प्रवर्गांतील उमेदवारांना तीत सवलत आहे. उमेदवाराने पीएच.डी.च्या मार्गदर्शकाऐवजी दुसऱ्या मार्गदर्शकाकडे आणि शक्यतो दुसऱ्या संस्थेत काम करावे, अशी अपेक्षा असते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर फॅकल्टी’ ही योजना याहून दीर्घ, म्हणजे पाच वर्षांची आहे. तीत वर्षाला सात लाखांचे संशोधन अनुदान असते, परंतु स्पर्धाही तितकीच तीव्र. नियमित पदावर नुकतेच रुजू झालेल्यांसाठी फाउंडेशनने 2024 मध्ये ‘प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट’ सुरू केली. तिची मुदत तीन वर्षे असून अनुदानाची कमाल मर्यादा 60 लाख रुपये आहे.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने पहिल्या योजनेत एक अडचण आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. दोन वर्षे म्हणजे 24 महिने. पण शेतातील कीड महिन्यांचा हिशेब पाळत नाही. संशोधक मे महिन्यात रुजू झाला तर त्याला दोन पूर्ण खरीप हंगाम मिळतात. तोच ऑक्टोबरमध्ये रुजू झाला तर पहिल्या हंगामाचे शेपूट, दुसरा पूर्ण हंगाम आणि तिसऱ्याची सुरुवात, एवढेच त्याच्या हाती लागते. बोंडांतील प्रादुर्भाव ऐन भरात येतो त्या तिसऱ्या दिवाळीपर्यंत मुदत संपलेली असते. प्रयोगशाळेतील जीवशास्त्राला हे वेळापत्रक चालते, शेतातील कीटकशास्त्राला अवघड जाते. मुदत पीक हंगामात मोजली गेली तर ते अधिक न्याय्य होईल. तोवर रुजू होण्याची तारीख निवडण्यास जितका वाव असेल तितका नव्या संशोधकाने पुरेपूर वापरावा.

दुसरी उणीव प्रस्तावांत असते. ‘अमुक जिल्ह्यातील कपाशीवरील किडींचे सर्वेक्षण’ एवढ्यावर परीक्षकाचे समाधान होत नाही. फरदड घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गावांत जून-जुलैत सापळ्यांत येणाऱ्या पतंगांच्या संख्येत फरक पडतो का, असा नेमका प्रश्न असेल तर दोन वर्षांत काय हाती येईल, हे परीक्षकालाही दिसते. असे प्रश्न गावातच सुचतात आणि येथे विस्तार कार्यकर्त्याचा वाटा मोठा असतो. कोणत्या गावात फरदड राहते, जिनिंग कोठे आहे, पऱ्हाटीच्या गंजी कधीपर्यंत बांधावर पडून असतात, ही माहिती नवख्या संशोधकाला मिळवायला एक अख्खे वर्ष लागू शकते. ती त्याला अर्ज लिहितानाच मिळाली तर ते वर्ष वाचते.

प्रयोगासाठी शेत देणाऱ्या शेतकऱ्याने एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. तुलनेसाठी बहुतेक प्रयोगांत काही ओळी फवारणीविना ठेवाव्या लागतात. त्या ओळींतील नुकसान कोणी सोसायचे, हे पेरणीपूर्वी लेखी ठरलेले असावे. पुष्कळदा हा विषय बोंडे फुटल्यावर निघतो आणि त्यातून आलेल्या कडवटपणामुळे पुढच्या वर्षी ते शेत प्रयोगाला मिळत नाही. संशोधकाच्या दृष्टीने हीसुद्धा मधले वर्ष गमावण्याचीच दुसरी तऱ्हा होय.

ज्या प्रगतिशील शेतकऱ्यांकडे स्वतःचे कामगंध सापळे आहेत, त्यांच्या वह्यांनाही येथे मोल आहे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक पतंग आढळले की उपाययोजना करावी, ही पातळी अनेकांना ठाऊक असते; परंतु संख्या त्याहून कमी असली की नोंद केली जात नाही. संशोधनाला दोन आणि तीन पतंगांच्या रात्रीही हव्या असतात, शून्याच्याही. नोंदीसोबत तारीख, सापळ्यातील गोळी बदलल्याचा दिवस आणि शेजारच्या शेतातील पीक लिहिलेले असावे. अशी पाच वर्षांची वही एखाद्या खेड्यात असेल, तर दोन वर्षांच्या मुदतीवर आलेला संशोधक पहिल्याच दिवशी सहाव्या वर्षापासून काम सुरू करू शकतो.